अकरा बायकांची सुनावणी

कायद्याचं राज्य हा विषय मी सव्वीस वर्षं शिकवते आहे, आणि गेल्या वर्षापासून तो शिकवायला उभी राहिले की माझं डोकं फिरतं. पोरांना कळत नाही मॅडम आजकाल एवढ्या चिडून का बोलतात. काहींना वाटतं, वय झालं. एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना? मी हो म्हटलं. ठीक काहीच नव्हतं. पण ते सांगायचं तर आयपासून सुरुवात करायला हवी होती, आणि पाऊण तासात ते बसलं नसतं.

माझी आय मासे विकते. आम्ही बाळकुमचे कोळी. आता तिथे टॉवरांची रांग लागली आहे आणि आमचा वाडा त्यांच्या मागे कुठेतरी दडलाय, रिक्षावाल्याला तीनदा सांगावं लागतं. आयने सत्तरी ओलांडली. ठाण्यातल्या एका गल्लीत, भिंतीला पाठ लावून, ती आणि तिच्यासारख्या दहा जणी रोज सकाळी बसायच्या. गल्लीचं नाव मी सांगणार नाही. ते सांगितलं की पालिकेच्या त्या कार्यालयाचं नाव आपोआप कळेल, आणि मला आता कुठल्याही कार्यालयाचं खुलाशाचं पत्र नकोय. पत्रं भरपूर वाचून झाली.

त्या भिंतीपाशी कोण कुठे बसणार हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि त्यावरून कधी भांडणही झालं नाही. म्हणजे भांडणं रोज व्हायची, शिव्यांसकट, पण बर्फावरून, पाण्यावरून, गिऱ्हाइकावरून. जागेवरून नाही. जागा सासूकडून सुनेला मिळते. आयची जागा माझ्या आजीची. एखादी आजारी पडली, घरात मयत झालं, तर शेजारची तिची पाटी स्वतःच्या पाटीशेजारी मांडून विकते आणि तिच्या जागेवर तिसरं कोणी टेकलं तर त्याला असं काही सुनावते की तो परत त्या गल्लीत येत नाही. मी आयच्या मागे, भिंत आणि तिची पाठ यांच्यामध्ये बसून पाढे पाठ केले. कायद्याच्या पदवीची पहिली दोन वर्षंसुद्धा सकाळचा एक तास तिथे काढायचे, कोळंबी सोलत. मला जे काही शिक्षण मिळालं ते त्या पाचसहा फुटांच्या जागेने दिलं, कॉलेजने नंतर त्यावर शिक्का मारला.

चैत्रात आमचा वाडा गडावर जातो, एकवीरा आईच्या यात्रेला. पालखी निघाली की दोनतीन दिवस वाड्यात माणूस सापडत नाही आणि कुठलीच बाई पाटीला हात लावत नाही. ठाण्यात मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. नौपाड्यातल्या आयच्या जुन्या गिऱ्हाइकिणी तर आठवडाभर आधी विचारून ठेवतात, मावशी यात्रेला कधी जाताय, म्हणजे आम्हाला आधीच आणून ठेवायला बरं. हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते फक्त फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करणारे. ते नेमके यात्रेच्या दोन दिवसांत आले. भिंतीपाशी त्यांना मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण आणि प्लास्टिकच्या बादल्या विकणारं एक जोडपं सापडलं. जागा मोकळी दिसली म्हणून ते टेकले होते. त्यांचे फोटो निघाले, आधार कार्डं घेतली, नावं यादीत चढली. त्यांच्यावर माझा राग नाही, तेही पोटासाठीच आले होते. माझ्या आयच्या रकान्यात मात्र लिहिलं गेलं, जागेवर कोणीही आढळले नाही. पन्नास वर्षं बसलेली बाई दोन दिवस देवीला गेली, तर ती आढळली नाही.

यादी कार्यालयाच्या बोर्डावर लागली. हरकती मागवल्या. आमच्या बायका कशाला जातायत बोर्ड वाचायला? मुदत संपल्यावर एक माणूस कागद घेऊन गल्लीत आला आणि सांगून गेला की तुमची नावं नाहीत, जागा खाली करा. आयने मला फोन केला. मी डोंबिवलीला राहते, तेव्हा नुकती कॉलेजातून घरी पोचले होते.

"पोरी, यादीत आमची नावंच नाय म्हनतात," ती म्हणाली. "मंग आमी कोन हाव?"

दुसऱ्या दिवशी मी वाड्यावर गेले तेव्हा सगळ्या जमलेल्या होत्या आणि त्यांचं ठरलंही होतं. नेहमीसारखं. अकरा जणींनी मिळून पुढाऱ्याच्या ऑफिसात जायचं, आरडाओरडा करायचा, मोठ्या बायने रडायचं, मग तो फोन लावणार, मग पुढचं निवडणुकीत बघून घ्यायचं. मोठी बाय म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात वडील, ऐंशीच्या घरातली. तिचं रडणं ठाण्यात प्रसिद्ध आहे. असं आधी दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा जागा वाचली होती.

मी त्यांना अडवलं. हे मी कोणावर ढकलू शकत नाही, मीच अडवलं. म्हटलं, कोणाच्या पाया पडायचं नाही, कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत. फेरीवाल्यांसाठी संसदेने केलेला कायदा आहे. आधी सर्वेक्षण नीट झालं पाहिजे, तोवर कोणाला उठवता येत नाही, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तुमच्याविरुद्ध निकाल देता येत नाही. पुढारी आज आहे, उद्या नाही, कायदा कायम आहे. असं काय काय मी बोलले. त्या ऐकत होत्या. एवढं शिकलेली पोरगी बोलतेय म्हटल्यावर मोठी बायसुद्धा गप्प बसली. आय तेवढी म्हणाली, "त्यानं फोन लावला तर दहा मिंटात काम होतं." मी तिला म्हटलं, आये, दहा मिनिटांत होतं म्हणूनच ते दहा मिनिटांत मोडतं.

काय वाक्य होतं! वर्गात टाळ्या पडल्या असत्या.

माझ्या डोक्यात हे सगळं कुठून आलं, ते सांगायला पाहिजे. वर्गात मी हा विषय राजापासून सुरू करते. राजा बोलेल तो कायदा, असा काळ होता. मग कोणीतरी म्हणालं, राजाच्या डोक्यावरही कायदा पाहिजे. पुढे एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज प्राध्यापकाने त्याची मांडणी केली, ती पोरं आजही घोकून लिहितात: कायदा मोडल्याशिवाय शिक्षा नाही, लहानमोठे सगळे एकाच कायद्याखाली, आणि माणसाचे हक्क कोर्टाच्या निवाड्यांतून घडत जातात. पण पद्धतच वाईट असली तर काय? यावर आपल्या घटना समितीत वाद झाला. माणसाचं जगणं किंवा स्वातंत्र्य काढून घ्यायचं, तर कायद्यात लिहिलेली पद्धत पाळली की पुरे, की ती पद्धत न्याय्य आहे का हेही कोर्टाने बघायचं? घटनेत शेवटी पहिला पर्याय आला. नंतरची कितीतरी वर्षं कोर्टांनी त्याचा अर्थ सरळ घेतला, पद्धत छापलेली आहे ना, पाळली ना, मग झालं. आणीबाणीत प्रश्न आला की बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येईल का. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने बहुमताने सांगितलं, नाही. एकच न्यायमूर्ती वेगळं बोलले. हे सांगते तेव्हा दरवर्षी वर्ग चिडीचूप होतो.

आणि मग मी त्या पासपोर्टच्या खटल्याकडे येते. सरकारने एका बाईचा पासपोर्ट काढून घेतला आणि कारण सांगेना. तिथे कोर्टाने आपलंच जुनं म्हणणं बदललं. नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी पाहिजे. माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या विरोधात काही करायचं नाही. मनमानी असेल तिथे समता नसते. इथे माझा आवाज चढायचा. मला खरोखर वाटायचं, केवढा रस्ता कापलाय आपण. त्याच्या पुढे मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. त्याच खटल्यात त्या लोकांच्या झोपड्या हटवायला कोर्टाने शेवटी मनाई केली नव्हती, फक्त मुदत वाढवून दिली. ते मी तास संपताना, डस्टर उचलता उचलता सांगायचे. कोणी लिहूनही घ्यायचं नाही.

तर मी अकरा अर्ज लिहिले. प्रत्येकीचा वेगळा. यात्रेचं कारण घातलं, घटनेची कलमं घातली, निवाडे घातले. अंगठे आणि सह्या घेतल्या. पोचपावत्या फाईलला लावल्या. महिन्याभरात सुनावणीची नोटीस आली आणि मी आयला फोन करून म्हटलं, बघ, बोलावलं की नाही?

आता आमच्या वाड्याची एक रीत आहे. गावकीचं काही बोलायचं असलं, लग्नाची बोलणी असोत की भांडण असो, वडील माणूस बोलतं. त्याचं बोलणं ते सगळ्यांचं. मध्ये दुसरीने तोंड घातलं तर तो त्या वडील माणसाचा अपमान होतो. त्यामुळे सुनावणीत मोठी बाय बोलणार हे सांगायचीही गरज नव्हती. वर मी शहाणीने आणखी बजावलं. अधिकाऱ्यासमोर गलका करायचा नाही, एकीच्या बोलण्यात दुसरीने बोलायचं नाही, त्यांना वाटतं मासेवाल्या म्हणजे भांडायलाच येतात, ते खोटं पाडायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनावणीला त्या चांगली लुगडी नेसून आल्या होत्या. डोक्यात अबोलीचे वळेसर. मी दाराशी उभी होते, कारण मी शिकवते, वकिली करत नाही, आणि आत येऊ द्यावं अशी विनंती करायची नाही हे मीच ठरवलं होतं. खुर्चीवर कोण बसलंय ते बघितलं आणि माझी छाती फुगली. माझा विद्यार्थी. बारातेरा वर्षांपूर्वीचा, पहिल्या बाकावर बसायचा, याच विषयात पहिला आला होता. त्याने मला बघितलं, अर्धवट उठला, "मॅडम, तुम्ही?" म्हणाला. मी हाताने बस बस केलं. यातल्या चौथ्या नंबरची म्हातारी माझी आई आहे हे मी सांगितलं नाही. मुद्दामच. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्याला कळायचा प्रश्न नव्हता. ओळख काढायची नाही म्हटल्यावर नाही. पण मनात म्हटलं, आता काळजी नाही, हा आपलाच आहे. माझा हा ढोंगीपणा तेव्हा माझ्या ध्यानातही आला नाही.

मोठी बाय बोलली. चांगली पंधरा मिनिटं बोलली. तिच्या सासूने तिला त्या जागेवर कसं आणून बसवलं, तेव्हा गल्लीत बैलगाडी यायची, खाडीतल्या निवट्या आणि चिंबोऱ्या कशा मिळायच्या आणि आता खाडीचं कसं गटार झालंय, तिचा नवरा होडीवरून कसा पडला. सगळं बोलली. एक गोष्ट बोलली नाही. सर्वेक्षणाच्या दिवशी आम्ही का नव्हतो, हे बोलली नाही. ते तिला सांगण्यासारखं वाटलंच नसणार. चैत्रात कोळणी कुठे असतात हे या जगात कोणाला ठाऊक नसेल, असं तिच्या स्वप्नातही येणार नाही.

तिचं संपलं. माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, "बाकीच्या मावशींचं काही म्हणणं आहे?"

आयची मान वर झाली. तिला कळलं होतं काय राहिलंय ते, तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने आधी मोठ्या बायकडे बघितलं, मग दाराकडे, माझ्याकडे. आणि मी डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. म्हटलं ना, मला शिस्त दिसायला हवी होती. आयने मान खाली घातली. बाकीच्या नऊ जणींनी मोठ्या बायकडे बोट दाखवलं, म्हणजे तिने सांगितलं तेच आमचं. लिहून घेणाऱ्या कारकुनाने काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मी सगळ्यांना चहा पाजला.

आदेश आला तो मी स्टाफरूममध्ये वाचला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. 'नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे पूर्णतः पालन करून' अशी सुरुवात. पुढे: अर्जदारांना रीतसर नोटीस देण्यात आली. म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली. अर्जदार क्रमांक एक यांनी सर्वेक्षणाच्या दिवशी गैरहजर असल्याचे कोणतेही कारण सांगितले नाही. उर्वरित दहा अर्जदारांना विचारणा केली असता त्यांनी काहीही म्हणणे मांडले नाही. अर्जात नमूद कारणास एकाही अर्जदाराने दुजोरा दिला नाही. सबब अर्ज नामंजूर. नोटीस, संधी, कारणं. तीन पायऱ्या. जशा मी फळ्यावर लिहिते तशाच, त्याच क्रमाने. मी शिकवलेलं एकही पद त्याने चुकवलं नव्हतं. उत्तरपत्रिका असती तर मला पूर्ण मार्क द्यावे लागले असते.

मला कोणी लुबाडलं असतं, लाच मागितली असती, अर्ज फाडून फेकले असते, तर मला एवढा राग आला नसता. तशा रागाचं काय करायचं ते माहीत असतं. इथे सगळं नियमाने झालं होतं. न्याय्य पद्धत पाहिजे म्हणून माणसांनी कोर्टांत आयुष्यं घालवली, त्या पद्धतीचा पुन्हा एक छापील फॉर्म झाला होता, आणि त्यात टिकमार्क करून अकरा बायकांच्या पोटावर पाय दिला होता. विचारलं ना? विचारलं. ऐकलं का? तो रकानाच नव्हता.

आदेशातली मुदत संपल्यावर पालिकेची गाडी आली. तेही नियमाने. पंचनामा झाला. आयचा बसायचा पाट, विळी, पाण्याचा डबा, सगळ्याची नोंद करून ते उचललं आणि तिला म्हणाले, सही करा मावशी. तिने केली. भिंतीला आता लोखंडी जाळी लावली आहे आणि कुंड्या ठेवल्यात. कुंड्यांतली झाडं मेलीत. बादलीवाल्या जोडप्याला प्रमाणपत्र मिळालं, पण दुसऱ्याच रस्त्यावर.

त्यानंतर आठवड्याने दुपारी त्याचा फोन आला. माझ्या विद्यार्थ्याचा.

"मॅडम, मला आत्ता गल्लीतून कळलं. त्यात तुमच्या आई होत्या, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तसं नाही मॅडम. पण पुरवणी यादीत दुरुस्ती करता येते. नजरचुकीने राहून गेलेलं नाव म्हणून. जागा तीच नाही मिळणार, पण जवळच, कोपऱ्यावर, एक बसेल."

"आणि बाकीच्या दहा?"

"एकच बसेल, मॅडम. दहा नावं नजरचुकीने राहिली, असं कसं लिहिणार?"

मग मी सुटले. अरे, तुला हेच शिकवलं का मी, म्हटलं. अकरा जणींना एकच कायदा, का दहा जणींना एक आणि मास्तरणीच्या आईला दुसरा? राजा बोले दळ हाले म्हणून आपण हसायचो, आणि तू आज स्वतःच तेच करायला निघालायस. नको मला तुझी मेहेरबानी. तिचं नाव घालायचं तर अकरा जणींचं घाल, नाहीतर एकीचंही घालू नकोस. तो बिचारा सॉरी सॉरी करत होता. मी फोन ठेवला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. आख्ख्या त्या प्रकरणात पहिल्यांदा मी कशाला तरी नाही म्हणू शकले होते. मी अपील लिहायला घेतलं. वर्गात, नावं न घेता, मी हे उदाहरण म्हणूनही सांगितलं. एका अधिकाऱ्याने एका बाईला अशी सवलत देऊ केली आणि ती कशी नाकारली गेली, ती नाकारणं हेच कायद्याचं राज्य. पोरं भारावून ऐकत होती.

अपील अजून पडून आहे. दोनदा तारीख लागली, दोनदा पुढे गेली.

आयचं काय झालं ते मी बघत होते आणि बघत नव्हते. ती अजूनही पहाटे उठते. अंघोळ करते, केसांत फूल माळते आणि दाराच्या पायरीवर बसून राहते. थोडी सुकी मासळी वाड्यातच विकते, पण तिथे घेणार कोण, सगळ्यांच्याच घरात तीच मासळी. मोठी बाय अंथरुणाला खिळली. दोघी जणी टॉवरांत भांडी घासायला लागल्या. नौपाड्यातल्या गिऱ्हाइकिणींचे आधी फोन यायचे, मग त्या मोबाईलवरून मासे मागवायला लागल्या. आय मला काही बोलली नाही. पण तिचं वजन उतरलं. भांडायची सवय गेली, हे मला जास्त लागलं. जी बाई बर्फाच्या लादीवरून गल्ली डोक्यावर घ्यायची, ती आता मी भाजीत मीठ विसरले तरी मुकाट जेवायची.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी गेले तेव्हा ती पायरीवर जवळा निवडत बसली होती. मी समोर बसले, मूठभर घेतला आणि निवडायला लागले. अपिलाची पुढची तारीख सांगितली. तिने हूं केलं. मग म्हणाली, "तुजा तो साहेब येऊन गेला."

"कोण?"

"तोच. इचारनारा. परवा आलेला. पाया पडला माज्या." तिने जवळ्यातला एक कचरा बोटाने बाजूला केला. "बोलला, मावशी, मी तुमचं नाव घालत होतो, तुमच्या पोरीनं नको म्हटलं."

मी मान वर केली आणि बोलायला सुरुवात केली. तयारच होतं सगळं. आये, तो एकटीचंच घालत होता. बाकीच्यांनी काय म्हटलं असतं? तू एकटी कोपऱ्यावर बसली असतीस आणि मोठी बाय इथे अंथरुणात, तुला चाललं असतं? आणि आज आपण ते घेतलं असतं तर अपिलात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? सगळ्यांना एकच न्याय म्हणतो ना आपण? मी बोलत होते आणि ती जवळा निवडत होती. बोलून बोलून मी थांबले. मग ती माझ्याकडे बघून बोलली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"जागा माजी होती का तुजी?"

"तुझी."

"नाव माजं होतं ना?"

"हो."

"मंग मना इचारलंस?"

मी हातातला जवळा सुपात टाकला.

"त्या साहेबानं निदान एकदा इचारलं मना. तू तेवा डोलं वटारलंस." तिने सूप उचललं, पाखडलं आणि परत खाली ठेवलं. "मी हो बोलली असती का नाय बोलली असती, तुना काय म्हाईत? मनाच म्हाईत नाय अजून. पन जे बोलली असती ते माजं मी बोलली असती."